पैसे गेले, तारीख कुठे गेली?

सरकारी कचेरीतल्या कामासाठी ऑनलाइन घेतलेली तारीख गायब झाल्याची तक्रार होते, तेव्हा बहुतेक वेळा काहीच गायब झालेले नसते; अर्ज, पैसे आणि वेळ या तीन नोंदी तीन वेगवेगळ्या जागी बसलेल्या असतात आणि त्यांतली एखादी इतर दोघींशी जोडली गेलेली नसते, एवढाच तो घोळ असतो. पोर्टल ज्याला 'अपॉइंटमेंट' म्हणते आणि लोक ज्याला नुसते 'तारीख' म्हणतात, ती प्रत्यक्षात या तिन्ही नोंदींची गाठ असते. अर्जाची नोंद त्या खात्याच्या संगणकात असते, पैशाची नोंद बँकेत आणि बँकेला त्या खात्याशी जोडणाऱ्या वसुली यंत्रणेत असते, आणि वेळेची नोंद विशिष्ट कार्यालयाच्या दिवसभराच्या तक्त्यात असते. या तक्त्यातल्या काही मिनिटांच्या एकेका खणाला 'स्लॉट' म्हणतात. अर्जदाराला मात्र मोबाइलच्या पडद्यावर हे सगळे एकच काम दिसते, आणि म्हणून गाठ सुटली की सगळेच बुडाले असे वाटून तो पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करतो. मूळ बिघाड किरकोळ असला तरी गुंता वाढतो तो या दुसऱ्या सुरुवातीमुळे.

गोव्यातल्या साखळीसारख्या गावात या घोळाची किंमत अंतराने मोजावी लागते. गावाला नगरपालिका आहे, सामाजिक आरोग्य केंद्र आहे, परंतु तालुक्याची मामलेदार कचेरी, उपनिबंधकाचे कार्यालय आणि वाहतूक खात्याचे कार्यालय सात-आठ किलोमीटरवर डिचोलीला आहे, आणि पासपोर्टसाठी पणजी गाठायची तर जाण्याचाच पल्ला सुमारे ३५ किलोमीटरचा. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावांतून येणाऱ्याला तर त्याहून लवकर घर सोडावे लागते. रजा टाकून, बस बदलून, कागदांची पिशवी सांभाळत दारापर्यंत पोचल्यावर 'यादीत नाव नाही' हे शब्द ऐकण्यापेक्षा, नाव यादीत आहे की नाही हे घरबसल्या कसे पडताळायचे आणि नसल्यास ते नेमके कोठे अडकले हे कसे शोधायचे, याची माहिती असणे अधिक उपयोगाचे, आणि त्यासाठी संगणकशास्त्र येण्याची गरज नाही.

तारीख घेताना पडद्यामागे काय घडते, ते जुन्या पेढीवरच्या हिशेबाच्या भाषेत चटकन समजते. दुकानदार दिवसभराचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत लिहीत असे आणि नंतर त्यांची खतावणी करून ज्याच्या त्याच्या खात्यावर रक्कम चढवत असे. रोजकीर्दीत नोंद आहे पण खतावणी व्हायची आहे, अशा मधल्या काळात गिऱ्हाइकाने स्वतःचे खाते पाहिले तर त्याला दिलेले पैसे दिसत नसत, आणि तरीही ते बुडालेले नसत. सरकारी पोर्टलवर नेमके हेच होते. अर्जदार स्लॉट निवडतो, तो स्लॉट काही मिनिटांपुरता त्याच्यासाठी राखून ठेवला जातो, आणि पैसे भरण्यासाठी त्याला खात्याच्या संकेतस्थळावरून 'पेमेंट गेटवे' नावाच्या तिसऱ्याच यंत्रणेकडे पाठवले जाते, जिचे काम अर्जदाराच्या बँकेकडून रक्कम घेऊन ती खात्याच्या वतीने जमा करणे आणि 'पैसे मिळाले' असा निरोप खात्याच्या संगणकाला परत देणे एवढेच असते. हा परतीचा निरोप वेळेत पोचला तर गाठ बसते. तो पोचण्यापूर्वी फोन आला, मागे जाण्याचे बटण दाबले गेले, रेंज गेली किंवा पान ताजे करण्याच्या नादात दोनदा खुडबुड झाली, तर बँकेने पैसे वळते केलेले असतात, खात्याच्या संगणकाला ते ठाऊक नसते आणि राखून ठेवलेल्या स्लॉटची मुदत संपून तो दुसऱ्या कोणाला तरी खुला झालेला असतो.

अशा अधांतरी रकमांचा मेळ बहुतेक यंत्रणा ठरावीक वेळाने आपोआप घालतात. दिवसभरात बँकेकडून आलेल्या रकमांची यादी आणि खात्याकडच्या अर्जांची यादी शेजारी शेजारी ठेवून जुळवण्याच्या या कामाला हिशेबाच्या भाषेत ताळमेळ म्हणतात, आणि तो होईपर्यंत पैसे भरल्याची स्थिती 'प्रलंबित' दाखवली जाते. प्रलंबित म्हणजे अयशस्वी नव्हे, हा फरक पडद्यावरच्या एका शब्दात सामावलेला असल्यामुळे तो नजरेतून सुटतो आणि पुढचे रामायण घडते.

पैशाच्या बाजूने ग्राहकाला एक भक्कम आधार आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अयशस्वी व्यवहारांसाठी मुदती आणि भरपाई ठरवून दिली. यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने एखाद्या व्यापारी खात्याला पैसे देताना ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली परंतु घेणाऱ्याकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत आली पाहिजे, आणि त्यापुढे होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही दिली पाहिजे, असा तो नियम आहे. मात्र या नियमातली एक अट नीट वाचली पाहिजे: घेणाऱ्याकडे खात्री पोचलेली नसेल तरच तो लागू होतो. पैसे सरकारी खात्यात पोचले, त्यांची खात्रीही पोचली आणि केवळ स्लॉटच बसला नाही, तर बँकेच्या दृष्टीने व्यवहार यशस्वी ठरतो, तिच्याकडे मागण्यासारखे काही उरत नाही आणि दाद त्या खात्याकडेच मागावी लागते. म्हणून पहिला प्रश्न पैसे गेले का हा नसून ते कोठपर्यंत गेले हा असतो, आणि त्याचे उत्तर बँकेच्या उताऱ्यातला व्यवहार क्रमांक, म्हणजे यूपीआयच्या बाबतीत लोक ज्याला 'यूटीआर' म्हणतात तो १२ अंकी आकडा, पोर्टलवरच्या भरणा-तपासणीच्या नोंदीशी ताडून मिळते.

पासपोर्टच्या अर्जात या तीन नोंदी सर्वांत स्वच्छपणे वेगळ्या दिसतात. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून अर्ज भरून सादर केला की त्याला 'एआरएन' हा अर्ज संदर्भ क्रमांक मिळतो, आणि बरेच लोक हा क्रमांक हाती आला की काम झाले असे समजून पान बंद करतात. वस्तुतः तेव्हा केवळ पहिली नोंद झालेली असते. पैसे भरणे आणि वेळ घेणे ही पुढची पायरी आहे. तिथे केंद्र निवडायचे, उपलब्ध तारीख पाहायची, आणि प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी साध्या पासपोर्टचे १,५०० रुपये भरायचे असतात, तत्काळ हवा असल्यास त्यावर आणखी २,०००. शुल्क भरून परत येताना गाठ सुटली, तर पुन्हा पैसे भरण्याआधी त्याच खात्यात शिरून सादर केलेल्या अर्जांची यादी उघडावी, त्यात आपला एआरएन निवडून भरण्याची स्थिती तपासावी. भरणा मान्य झालेला दिसल्यास त्याच अर्जावर पैसे न भरता नुसती वेळ घेता येते. या यादीतच उत्तर असते आणि तीच उघडून पाहिली जात नाही.

या व्यवस्थेतल्या मुदतीही माहीत असाव्यात, कारण काही तारखा हरवत नाहीत, त्या संपतात. सादर केलेल्या अर्जावर ९० दिवसांच्या आत केंद्रावर गेले नाही तर अर्ज नव्याने भरावा लागतो. घेतलेली वेळ पहिल्या तारखेपासून वर्षभराच्या आत तीन वेळाच बदलता किंवा रद्द करता येते. केंद्रावर १५ मिनिटे आधी पोचणे अपेक्षित असते आणि छापील पावती नसली तरी वेळेचा तपशील असलेला एसएमएस दारावर पुरतो. आत टोकन मिळाल्यावर 'ए', 'बी' आणि 'सी' अशा तीन टप्प्यांतून जावे लागते: पहिल्यात कागद तपासून छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, दुसऱ्यात सरकारी अधिकारी कागदांची पडताळणी करतो, तिसऱ्यात पासपोर्ट देण्याविषयी निर्णय होतो. यांतल्या कोणत्याही टप्प्यावर कागद अपुरा ठरला तर अर्ज रोखला जातो. तीही घरी परतल्यावर 'अपॉइंटमेंट फुकट गेली' या शब्दांत सांगितली जाणारी गोष्ट असली तरी तिचा नोंदणीच्या बिघाडाशी काही संबंध नसतो.

वाहन परवान्याच्या 'सारथी' या केंद्रीय प्रणालीत घोळाची जात वेगळी आहे. इथे शुल्क भरणे आणि चाचणीचा स्लॉट घेणे ही दोन स्वतंत्र कामे असू शकतात, आणि शुल्काची पावती हाती आली की चाचणीची तारीखही मिळाली असा समज होतो, म्हणजे जी तारीख कधी घेतलीच नव्हती तिचा शोध सुरू होतो. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर ३० दिवस उलटल्याखेरीज कायम परवान्याची चाचणी देता येत नाही आणि शिकाऊ परवाना सहा महिनेच चालतो. या दोन टोकांच्या मधल्या काळातच स्लॉट दिसतात, म्हणून आगाऊ बघणाऱ्याला तक्ता रिकामा आणि उशिरा बघणाऱ्याला अर्ज बाद दिसतो. शिवाय तक्ता कार्यालयागणिक वेगळा असतो. डिचोलीच्या वाहनांवर 'जीए-०४' ही अक्षरे असतात हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण अर्ज भरताना यादीतून चुकून दुसरे कार्यालय निवडले गेले तर स्लॉट तिथल्या तक्त्यात बसतो आणि डिचोलीच्या यादीत त्याचा मागमूस नसतो.

गोव्यातल्या गावनावांचे रोमन लेखन या चुकीला हातभार लावते. साखळी, डिचोली आणि पेडणे ही गावे सरकारी इंग्रजी कागदांत पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वळणाने, म्हणजे 'सांकेली', 'बिचोली' आणि 'पेर्ने' यांच्या जवळ जाणाऱ्या व शेवटी अनुनासिक दाखवणाऱ्या अक्षरांनी लिहिली जातात, त्यामुळे मराठी उच्चाराप्रमाणे 'साखळी' शोधणाऱ्याला यादीत गाव सापडत नाही आणि तो जवळचे दिसेल ते निवडून मोकळा होतो. माणसांच्या नावांचेही तेच: एकाच घरात नाईक हे आडनाव जुन्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाने आणि आधार कार्डावर आजच्या वळणाने लिहिलेले आढळते. संगणक अक्षराला अक्षर जुळवतो, उच्चाराला उच्चार नाही. आणि जिथे अर्ज क्रमांकाबरोबर जन्मतारीख मागितली जाते तिथे अर्जात घातलेली तारीखच लागते, आईला आठवणारी नव्हे.

परंतु साखळीच्या बाजारात ज्या दुकानांवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' अशा पाट्या दिसतात, तिथे भरलेल्या अर्जांच्या बाबतीत हरवण्याचे सर्वांत मोठे कारण वेगळेच असते. दुकानदाराला दिवसात अनेक अर्ज भरायचे असतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचा ईमेल तयार करणे आणि त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची वाट पाहणे जिकिरीचे वाटल्यामुळे काही जण सरळ स्वतःचे खाते, स्वतःचा ईमेल आणि कधी कधी स्वतःचाच मोबाइल क्रमांक घालून अर्ज उरकतात. ओटीपी म्हणजे ओळख पटवण्यासाठी येणारा एकवेळचा सांकेतिक आकडा. तो ज्याच्या फोनवर येतो, पोर्टलच्या दृष्टीने अर्जाचा मालक तोच. मग गिऱ्हाइकाने घरी जाऊन नवे खाते उघडले तर त्यात अर्ज दिसत नाही, कारण तो दुकानदाराच्या खात्यातल्या यादीत इतर पन्नास अर्जांच्या रांगेत आहे. आणि कार्यालयाने सुट्टीमुळे किंवा यंत्रणा बंद पडल्यामुळे तारीख पुढे ढकलली तर तसा एसएमएस दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या फोनवर येऊन वाचला न वाचलासा होतो. यात लबाडी असतेच असे नाही, बहुधा घाई असते. उपाय साधा आहे आणि तो अर्ज भरतानाच करायचा आहे: खाते अर्जदाराच्या मोबाइल क्रमांकावर उघडायला लावावे, दुकान सोडण्यापूर्वी एसएमएस स्वतःच्या फोनवर आल्याचे पाहावे, आणि छापलेल्या कागदावर अर्ज क्रमांकाच्या शेजारी वेळ, तारीख आणि कार्यालयाचे नाव ही तिन्ही आहेत ना हे वाचावे. त्यांतले एक जरी नसेल तर तो कागद अर्जाची पोच आहे, अपॉइंटमेंटची पावती नव्हे.

गोवा सरकारच्या 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरून मिळणाऱ्या अनेक दाखल्यांसाठी, तसेच शेतजमिनीच्या 'फॉर्म वन अँड फोर्टीन'च्या उताऱ्यासाठी तारीख घ्यावीच लागत नाही, त्यामुळे तिथे हरवतो तो फार तर भरणा. दस्तनोंदणीचे मात्र तसे नाही. गोव्यातली दस्तनोंदणी 'एनजीडीआरएस' या राष्ट्रीय प्रणालीवर होते. त्यात दस्ताचा तपशील आधी ऑनलाइन भरून, मुद्रांक व नोंदणी शुल्क जमा करून, मग उपनिबंधकाकडे हजर होण्याची वेळ घ्यावी लागते. इथे तारीख चुकल्याचा फटका प्रवासखर्चाहून मोठा असू शकतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर व्हावा लागतो, आणि अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास पुढच्या चार महिन्यांत नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड भरून परवानगी मागावी लागते. खरेदीखतावर सह्या करून तारखेची वाट पाहणाऱ्या कुटुंबात दोन भाऊ मुंबईला आणि एक आखातात असला, तर गाठ सुटलेला एक स्लॉट पुन्हा जुळवणे म्हणजे सगळ्यांच्या रजा पुन्हा जुळवणे.

नोंद झाली आहे पण ती घटनेशी जुळत नाही, हा उलटा प्रकार साऱ्या देशाने २०२१ मध्ये पाहिला. कोविड लसीकरणासाठी 'कोविन' पोर्टलवर १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी २८ एप्रिलला खुली झाली आणि १ मेपासून त्यांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा स्लॉट दिसताक्षणी संपत. त्यातच तारीख घेऊनही लस घ्यायला न गेलेल्या काही जणांना 'तुम्हाला लस दिली' असे एसएमएस आले. चौकशीत दिसले की लस टोचणाऱ्या केंद्रावर नोंद चुकीच्या माणसावर पडत होती. म्हणून ८ मेपासून प्रत्येक अपॉइंटमेंटबरोबर चार अंकी गुप्त आकडा देण्यात आला, जो केंद्रावर प्रत्यक्ष सांगितल्याखेरीज लसीची नोंद पुरी होत नसे. माणूस, त्याची वेळ आणि झालेले काम यांची गाठ बांधण्याची याहून साधी युक्ती सापडणे कठीण, आणि ती नंतर इतर सेवांनी फारशी उचलली नाही याचे नवल वाटते.

तारीख दिसेनाशी झाल्यावर करायच्या तपासात म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी संकेतस्थळ खरे होते का ते पाहावे; सरकारी संकेतस्थळाचा पत्ता साधारणतः 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' ने संपतो, आणि पासपोर्टच्या नावाने चालणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारे दिलेले आहेत. तिथे पैसे गेले असतील तर तो नोंदणीचा नव्हे, फसवणुकीचा प्रश्न आहे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभराचाही उशीर न करता कळवावे. संकेतस्थळ खरे असेल तर अर्ज क्रमांक, बँकेचा व्यवहार क्रमांक, दिनांक आणि घड्याळी वेळ एका कागदावर उतरवून पोर्टलवरची भरण्याची स्थिती पाहावी, आणि 'प्रलंबित' असेल तर किमान एक दिवस थांबावे. एसएमएस खरा आहे का हे पाठवणाऱ्याच्या नावावरून ओळखता येते: दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये लागू केलेल्या पद्धतीनुसार सरकारी संदेशाच्या शीर्षकाअखेर 'जी' हे अक्षर असते. त्यानंतरच पासपोर्टसाठी १८००-२५८-१८०० किंवा आधारसाठी १९४७ हे क्रमांक फिरवावेत, कारण पलीकडचा माणूस पहिल्या मिनिटात विचारतो ते हेच आकडे, आणि ते नसतील तर तो काहीही शोधू शकत नाही.

लेखी तक्रार करायची वेळ आली तर 'माझी अपॉइंटमेंट गायब झाली' या वाक्याने ती सुरू करू नये. अमुक तारखेला अमुक वाजता अमुक अर्जावर इतकी रक्कम भरली, बँकेच्या नोंदीप्रमाणे ती यशस्वी आहे, पोर्टलवर मात्र भरणा अमान्य दिसतो, अशा तीन कलमांत मांडलेली तक्रार कर्मचाऱ्याला थेट ताळमेळाच्या यादीशी लावून पाहता येते. गोव्यात ठरावीक मुदतीत सार्वजनिक सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा २०१३ मध्ये झाला. त्याखाली अधिसूचित सेवांसाठी जबाबदार अधिकारी आणि कालमर्यादा नेमून दिलेली असते आणि त्या मोडल्यास अपील करता येते. पण तो कायदा अर्जाची मुदत मोजतो, आणि रीतसर दाखल झालेल्या अर्जाची पोच हातात नसेल तर मोजायला सुरुवात कोठून करायची, हा प्रश्न डिचोलीच्या खिडकीवरही विचारला जातो.